भाग क्रमांक सतरा-अ

"यंत्र कोणीही खोलेल हो. खोललेलं यंत्र कागदावर मांडायला माणूस लागतो, आणि या कारखान्यात तो माणूस एकच आहे," असं पेन्सिलराव गेली बावीस वर्षं सांगत आले होते. त्यातली पहिली एकवीस वर्षं ते खरंही होतं.

पेन्सिलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कारखाना टेबलफॅनचा. तिथे माहितीपुस्तिकांचा एक विभाग होता, दोन टेबलं आणि दार न लागणारं एक कपाट एवढाच, आणि त्या विभागात ते पेन्सिलीने चित्रं काढत बसायचे म्हणून कारखान्याने त्यांचं हे बारसं केलेलं. पंखा विकत घेतला की खोक्याच्या तळाशी एक पुस्तिका निघते. ती आपण सगळे न वाचता खणात टाकतो. तिच्या मधल्या पानावर एक चित्र असतं: पंख्याचे सगळे भाग एका रेषेत, आपापल्या जागेवरून जरा जरा बाहेर सरकवलेले, हवेत तरंगत असल्यासारखे. पुढची जाळी, मग पातं, मग मागची जाळी, मग मोटर, असं करत करत थेट तळाच्या रबरी पायांपर्यंत. प्रत्येकाशेजारी गोलात एक आकडा आणि खाली आकड्यांची यादी. कारखान्यात त्याला 'सुटं चित्र' म्हणत. सुटं चित्र नीट असलं तर कुठलाही मेकॅनिक पंखा खोलून पुन्हा जोडू शकतो. नीट नसलं तर शेवटी एक स्क्रू उरतो, आणि मेकॅनिक तो हळूच खिशात घालून पैसे मागतो.

पेन्सिलरावांच्या चित्रात बावीस वर्षांत एकही स्क्रू उरला नव्हता.

मग मेहुणा आला. आला म्हणजे पेन्सिलरावांनीच आणला. बायकोचा धाकटा भाऊ, हात चांगला, नोकरी नाही, आणि बायको रोज जेवायला वाढताना 'माझ्या भावाचं काहीतरी बघा' हे पोळीबरोबर वाढायची. शेवटी त्यांनी मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला. आपल्या हाताखाली खोडरबर धरायला घरचाच माणूस मिळेल, असा त्यांचा साधा बेत होता. मेहुण्याने खोडरबर हातातच धरलं नाही. तो कॉम्प्युटर घेऊन बसला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण तो पायावर पडलाय हे कळायला पेन्सिलरावांना सहा महिने लागले.

पेन्सिलरावांना एक सुटं चित्र काढायला नऊ दिवस लागत. मेहुणा ते दोन दिवसांत काढायचा आणि वर पडद्यावर गोल फिरवून दाखवायचा. मोठे साहेब खुर्ची ओढून तो फिरणारा पंखा बघत बसायचे. पेन्सिलरावांच्या चित्रासाठी त्यांनी बावीस वर्षांत कधी खुर्ची ओढली नव्हती. उभ्या उभ्या 'छान' म्हणून ते पुढे जायचे. ती खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज पेन्सिलरावांना हल्ली घरीसुद्धा ऐकू यायला लागला होता.

बरं, मेहुणा शिष्ट असता तरी चाललं असतं. निदान नावं ठेवायला जागा मिळते. पण हा पडला गुणी! सकाळी आधी येऊन भाऊजींचं टेबल पुसून ठेवायचा, भाऊजींचा चहा झाकून ठेवायचा, आणि कोणी चित्राचं कौतुक केलं की म्हणायचा, "मी भाऊजींची जुनी चित्रं बघूनच शिकलो." आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचा राग करायचा तरी कसा? पेन्सिलरावांनी तो मोठ्या कष्टाने जमवला होता.

खरा घाव मात्र घरी बसला. घरचा पंखा मान फिरवायचा बंद झाला होता आणि बायको दोन महिने मागे लागली होती की बघा म्हणून. पेन्सिलराव 'बघू' म्हणत होते. एका संध्याकाळी ते घरी आले तर पंखा आपला डावीकडून उजवीकडे मजेत बघतोय! शेजारी भिंतीवर मेहुण्याचं सुटं चित्र चिकटपट्टीने लावलेलं. बायकोने ते बघून स्वतः पंखा खोलला होता, साफ केला होता आणि जोडला होता.

"अहो, किती सोपं असतं," ती म्हणाली. "त्याने बाण काढलेत ना, आधी काय काढायचं, मग काय काढायचं. बसले आणि झालं."

पेन्सिलरावांनी विचारलं की बावीस वर्षं घरात माझी चित्रं पडलीत, ती बघून कधी कशाला हात लावावासा वाटला नाही तो. त्यावर ती म्हणाली, "तुमचीही छान असतात." परक्यांच्या बाळाला ज्या सुरात छान म्हणतात त्या सुरात. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी हीच बायको त्यांच्या एका चित्राकडे बराच वेळ बघत राहिली होती आणि 'एवढं सगळं तुमच्या डोक्यात मावतं कसं' म्हणाली होती. ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि आता ते मेहुण्याच्या वाट्याला जाणार असं त्यांना स्पष्ट दिसायला लागलं.

अशात मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. नव्या पंख्याचं सुटं चित्र मेहुण्याने काढलं होतं, ते छपाईला जाण्याआधी पेन्सिलरावांनी तपासायचं होतं. आणि पुढच्या शुक्रवारी साहेब ठरवणार होते की यापुढे सगळी सुटी चित्रं कोणी काढायची. काम एकालाच. दुसऱ्याने खोक्यांवरचा मजकूर सांभाळायचा. खोक्यांवरचा मजकूर म्हणजे 'ही बाजू वर' आणि 'जपून हाताळा'. बावीस वर्षं घालवून 'ही बाजू वर' लिहायचं, या कल्पनेनेच पेन्सिलरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. मेहुणा मात्र शांतपणे म्हणाला की भाऊजी तपासणार म्हटल्यावर मला काळजी नाही. त्याने त्यांचा आणखीच तिळपापड झाला.

त्यांनी बेत केला. साधा बेत होता. नवा पंखा तपासणीसाठी घरी न्यायचा, पूर्ण सुटा करायचा, मेहुण्याच्या चित्राशी एकेक भाग ताडून बघायचा आणि चूक काढायची. एक चूक. एकतीस भागांत एक तरी चूक असणारच. माणूस म्हटला की चूक आलीच, आणि मेहुणा कितीही गुणी असला तरी माणूसच होता.

रविवारी सकाळीच त्यांनी बैठकीच्या खोलीत पांढरी चादर अंथरली. पंखा खोलून एकेक भाग ओळीने मांडला, अगदी चित्रातल्यासारखा, जरा जरा अंतर ठेवून. ओळ दारापासून सुरू झाली ती जेवणाच्या टेबलाखालून पलीकडे निघाली. बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट उरली नाही. तिने दोनदा विचारलं की हे कधी उचलणार. ते डोळ्यांत तेल घालून ताडत होते. एक, बरोबर. दोन, बरोबर. सतरा, म्हणजे पंख्याची मान फिरवणारं दातेरी चाक, बरोबर. अठरा, त्या चाकाचं झाकण, बरोबर. एकतीस, तळाचे रबरी पाय, बरोबर.

मेहुण्याचं चित्र शंभर टक्के बरोबर होतं.

पेन्सिलरावांनी 'बरोबर' अशी शेवटची खूण एवढ्या रागाने केली की पेन्सिलीचं शिसं आतल्या आत तुटलं. ही पेन्सिल म्हणजे त्यांचा जीव. क्लच पेन्सिल, मागून दाबलं की शिसं पुढे येणारी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात घेतलेली. तिच्या आत तीन पाकळ्यांची एक चिमटी असते आणि त्या चिमटीला आवळून धरणारी वाटाण्याएवढी पितळी कडी. तुटलेलं शिसं काढायला त्यांनी चादरीवरच पेन्सिलीचं टोक फिरवून काढलं, पेन्सिल उलटी करून झटकली, नवं शिसं घातलं आणि टोक परत बसवलं. कडी केव्हाच घरंगळून सतरा आणि अठराच्या मधे जाऊन पडली होती. हे तुम्हाला-मला दिसलं. पेन्सिलरावांना दिसलं नाही, कारण त्याच क्षणी बायकोने आतून तिसऱ्यांदा विचारलं होतं आणि ते वैतागून तिकडे बघत होते.

ते परत वळले आणि निव्वळ सवयीने भाग पुन्हा मोजले. बत्तीस!

पुन्हा मोजले. बत्तीस. त्यांनी बोट ठेवत ठेवत मोजले, आणि सतरा-अठराच्या मधे बोट थांबलं. तिथे एक सुबक पितळी कडी बसली होती आणि मेहुण्याच्या चित्रात तिचा पत्ता नव्हता. त्यांनी कडी उचलून दातेरी चाकाच्या दांड्यावर घालून पाहिली. जरा दाबावी लागली, पण बसली. आनंदात माणूस थोडंफार दाबतोच.

पंखा जोडून सुरू केला तेव्हा त्याने मान उजवीकडे नेली, कटकट आवाज केला आणि भिंतीकडे बघत तिथेच थांबला. नवा आहे, मोकळा होईल, असं म्हणून त्यांनी तो बंद केला. मग टेबलाशी बसले आणि उरलेला दिवसभर त्यांनी चित्र काढलं. पेन्सिल त्या दिवशी धड चालत नव्हती. शिसं सारखं आत सरकायचं आणि ते बोटांनी टोकाशी चिमटीत धरून काढावं लागायचं. हल्ली शिशांतही राम उरला नाही, असं ते पुटपुटले. पण चित्र मात्र असं उतरलं की काय सांगावं! नऊ दिवसांचं काम एका दिवसात. मत्सराने माणसाचा हात एवढा चालतो हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. दातेरी चाक, मग ती कडी, तिच्या कडेवरची बारीक चमकसुद्धा, मग झाकण. मधेच नवा भाग निघाला तर पुढचे सगळे आकडे बदलावे लागू नयेत म्हणून आधीच्या आकड्याला 'अ' जोडायची पद्धत असते. त्यांनी गोलात सुंदर अक्षरात लिहिलं: १७-अ.

आता खरं म्हणजे सोमवारी सकाळी मेहुण्याला बाजूला घेऊन 'हे बघ रे, तुझं एक राहिलं' म्हणता आलं असतं. घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण मग एवढा रविवार कशाला घालवला? पेन्सिलरावांनी लाल चौकटीची दुरुस्ती-सूचना काढली आणि तिच्या प्रती पाच विभागांना पाठवल्या. सूचनेसोबत चित्र, आणि छोट्या पाकिटात पंख्यातून परत काढलेली ती कडी, पुरावा म्हणून.

मोठे साहेब सूचना वाचून उभेच राहिले. त्यांनी छपाई थांबवली. मग चित्र हातात घेतलं, आणि हे पेन्सिलरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, खुर्ची ओढली. त्या आवाजाने त्यांच्या कानाचं पारणं फिटलं.

मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. तो चित्राकडे कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, मला हा भाग दिसलाच नाही. तुम्हाला दिसला. म्हणून तुम्ही तुम्ही आहात." मग जाऊन कॉम्प्युटरपुढे बसला आणि दोन दिवस पडद्यावरचा पंखा उलटसुलट फिरवत सतरा-अ शोधत राहिला. डबाही खाल्ला नाही. पेन्सिलरावांना जरा वाईट वाटलं. पण जरासंच, आणि तेही डबा खाऊन झाल्यावर.

इकडे सतरा-अ ने कारखान्यात पाय पसरले. भांडाराच्या बाई फार काटेकोर. त्यांच्या यादीत सतरा-अ नव्हता म्हणजे त्यांच्या दृष्टीने तो हरवला होता. त्यांनी सगळे खण उपसले, आधीच्या दोन भांडारप्रमुखांना फोन करून विचारलं की तुमच्या काळात होता का. एकाने सांगितलं की असावा बहुतेक. एवढ्यावर बाईंनी 'सतरा-अ, शिल्लक शून्य' असा फलक लावला. तो फलक बघून जोडणी विभागाचा मुकादम हादरला, कारण त्याच्या माणसांनी नव्या पंख्याचे चारशे नग कडीशिवाय जोडून खोक्यांत भरले होते आणि ते सगळे चालत होते. चालत होते याचीच त्याला जास्त भीती वाटायला लागली. एवढा महत्त्वाचा भाग नसताना पंखा चालतो म्हणजे आत काहीतरी भयंकर चाललं असणार! साहेबांनी चारशे खोकी उघडायला लावली.

एवढ्या सगळ्या माणसांत एकालाही शंका का आली नाही, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण ते चित्र. ते इतकं सुंदर होतं की खोटं असेल असं कोणाच्या मनातच आलं नाही. स्वतः मुकादम, ज्याने चारशे पंखे आपल्या देखरेखीखाली जोडून घेतले होते, तो चित्र बघून म्हणाला की हो, इथे एक कडी हवीच.

बुधवारी लेथवाल्याने पेन्सिलरावांच्या चित्रावरून दहा कड्या कातून दिल्या. गुरुवारी त्या दहा पंख्यांत घातल्या. दहाही पंखे लांब टेबलावर ओळीने मांडले, साहेब समोर उभे राहिले, पेन्सिलराव टेबलाच्या उजव्या टोकाला, आणि मुकादमाने मुख्य बटण दाबलं. दहाही पंख्यांनी माना उजवीकडे नेल्या, कटकट केली आणि तिथेच अडकून पडले. दहाही पेन्सिलरावांकडे बघत. त्यांचे केस उडायला लागले, टाय खांद्यावर गेला. साहेबांनी फक्त एवढंच सांगितलं की उद्या सकाळी माझ्या खोलीत दोघेही या, आणि येताना खरं काय ते घेऊन या.

शुक्रवारी सकाळी पेन्सिलराव टेबलाशी गेले तर टेबल पुसलेलं, चहा झाकलेला आणि मेहुणा बाजूला उभा. त्याच्या तळहातावर ती पुराव्याची मूळ कडी होती.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "कडीला आतून शिसं लागलंय. जरा तुमची पेन्सिल द्या."

पेन्सिलरावांनी पेन्सिल दिली. मेहुण्याने टोक फिरवून काढलं, कडी आत सोडली, टोक बसवलं आणि मागून दाबलं. शिसं पुढे आलं आणि घट्ट उभं राहिलं. आठवडाभर जे सारखं आत पळत होतं ते शिसं! पेन्सिलरावांनी आयुष्यात शेकडो यंत्रांची सुटी चित्रं काढली होती. ज्या पेन्सिलीने काढली तिच्या पोटात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं.

ते खाली बसले. खोक्यावरची 'ही बाजू वर' ही अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे नाचायला लागली. पण त्याहून वाईट म्हणजे हे संध्याकाळी बायकोला कळणार होतं. सख्ख्या मेहुण्यावर लाल कागद काढला, पाच विभागांत वाटला, चारशे खोकी फोडली, आणि कशासाठी, तर आपल्याच पेन्सिलीच्या कडीसाठी. एवढं सगळं तुमच्या डोक्यात मावतं कसं, हे वाक्य ती आता वेगळ्या सुरात म्हणणार होती. मेहुणा म्हणाला, "चला भाऊजी. मी बघतो." पेन्सिलरावांना वाटलं, हा बघणारच, का नाही बघणार!

साहेबांच्या खोलीत मुकादम होता, भांडाराच्या बाई होत्या. साहेबांनी विचारलं की हे सतरा-अ प्रकरण काय आहे. पेन्सिलराव शब्द जुळवू लागले. तेवढ्यात मेहुणा उभा राहिला.

"साहेब, चूक माझी आहे," तो म्हणाला. "असा कुठलाही भाग नाही. भाऊजींनी सूचना पाठवली तेव्हा मी तपासून तसं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. जे झालं ते माझ्यामुळे."

पेन्सिलरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तो अर्धाच सुटला होता, तेवढ्यात साहेब बोलायला लागले. ते म्हणाले की चूक सगळेच करतात, पण चारचौघांत उभं राहून कबूल करायला छाती लागते. ते म्हणाले की मी इतकी वर्षं हा कारखाना चालवतो, 'चूक माझी' हे दोन शब्द मी आज पहिल्यांदा ऐकतोय. भांडाराच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मुकादमाने मेहुण्याची पाठ थोपटली. आणि साहेबांनी, अहो, काय सांगू, साहेबांनी आपली खुर्ची मेहुण्याच्या जवळ ओढली!

चूक कोणाची? पेन्सिलरावांची. कडी कोणाची? पेन्सिलरावांची. सबंध रविवार राबून, पेन्सिल चिमटीत धरून, एवढी मोठी चूक उभी केली कोणी? आणि कौतुक मेहुण्याचं! चित्राचं कौतुक झालं ते सोसलं, बाणांचं झालं तेही सोसलं. पण स्वतःच्या चुकीचंसुद्धा श्रेय दुसऱ्याने न्यावं, हे काही त्यांना सोसवेना. ते ताडकन उभे राहिले.

"चूक माझी आहे!" ते ओरडले. "त्याची नाही. पूर्णपणे माझी. ती कडी माझ्या पेन्सिलीतली आहे. मी ती पंख्यात घातली. चित्र मी काढलं, लाल कागद मी पाठवला. त्याचा यात काडीचा संबंध नाही."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग हळूहळू हसले.

"पेन्सिलीची कडी पंख्यात?" ते म्हणाले. "पेन्सिलराव, बावीस वर्षं सुटी चित्रं काढणारा माणूस असं करेल? अहो, मेहुण्याला वाचवायचं तर जरा पटेल अशी थाप मारा."

पेन्सिलरावांनी खिशातून पेन्सिल काढली, सगळ्यांसमोर टोक फिरवलं आणि टेबलावर उपडी केली. कडी बाहेर पडली. बघा, म्हणाले, हीच ती. साहेबांनी कडी उचलून पाहिली, मग पेन्सिल पाहिली आणि म्हणाले की पेन्सिलीची कडी पेन्सिलीतच तर आहे. मुकादमाने मान डोलावली. पेन्सिलराव शपथेवर आले. ते जसजसे खरं सांगत गेले तसतसं सगळ्यांना त्यांचं मन मोठं वाटायला लागलं. मेहुणा काहीतरी बोलायला गेला तर साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे अवलक्षण दाखवूनही कोणी बघायला तयार नव्हतं.

शेवटी साहेब उठले आणि त्यांनी पेन्सिलरावांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "खरं सांगू का, मी तुम्हा दोघांत निवड करायला घाबरत होतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. पण तुमचा याच्यावर एवढा जीव आहे म्हटल्यावर माझी अडचण तुम्हीच सोडवलीत. चित्रं आजपासून याच्याकडे. खोकी तुम्ही बघा."

संध्याकाळी पेन्सिलराव घरी आले ते अंग चोरून. मेहुणा त्यांच्या आधी येऊन गेला होता. दारातच बायको उभी होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं, संपलं. तिने त्यांच्या हातातला डबा घेतला, त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि तिथेच समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. कितीतरी वर्षांनी ती अशी बघत होती.

"मला सगळं कळलं," ती म्हणाली. "त्याने सांगितलं. ताई, भाऊजी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी आहे, त्याची नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मेहुणा खोटं बोलणाऱ्यातला नव्हताच. पेन्सिलरावांनी तोंड उघडलं. सांगून टाकावं, निदान हिला तरी, असं त्यांना मनापासून वाटलं. पण ती आपली बघतच होती. त्यांनी तोंड मिटलं.

थोड्या वेळाने ती आत जाऊन आईला फोन करायला लागली. पेन्सिलराव बाहेर बसून ऐकत होते. ती सांगत होती, असा माणूस शोधून सापडायचा नाही. मनात कधी कोणाबद्दल वाकडं नाही. बावीस वर्षांची जागा धाकट्यासाठी सोडली, आणि वर चेहऱ्यावर काही दाखवलंसुद्धा नाही. मत्सर म्हणून जो काय असतो तो या माणसाला देवाने दिलेलाच नाही बघ.

फोन पाऊण तास चालला. ती त्या माणसाबद्दल इतकं भरभरून बोलत होती की ऐकता ऐकता पेन्सिलरावांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांना त्या माणसाचा भयंकर हेवा वाटत होता.